ताप उतरल्यानंतरचा आठवडा

तुम्ही चाळीचा लाकडी जिना चढत आहात. पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या, कठडा हातांच्या घामाने काळा पडलेला. एरवी या वेळेला इथे पाण्यावरून भांडणं होतात, पोरं धडधडत खाली उतरतात. आज बंद दारांआडून फक्त खोकला ऐकू येतो. मुंबई, परळ, ऑक्टोबर १९१८चा पहिला आठवडा. यंदा पावसाने दगा दिलाय, धान्य महागलंय, आणि जूनमध्ये गोदीच्या बाजूने शहरात शिरलेली साथ सप्टेंबरात पुन्हा उसळलीय. डॉक्टर तिला इन्फ्लुएंझा म्हणतात, लोक मानमोडी. जूनची फेरी त्या मानाने सौम्य होती. ही तरण्याताठ्यांना नेते आहे. ६ ऑक्टोबरला, एका दिवसात, मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद होणार आहे. साथ ओसरेपर्यंत देशभरात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसं गेलेली असतील.

सोबत औषध आणायची मुभा तुम्हाला नाही. पेनिसिलिन सापडायला अजून दहा वर्षं आहेत, आणि ते रुग्णाच्या उशाशी पोचायला त्याहून बरीच जास्त. पुढच्या शतकात जे कळलं, तेवढंच तुमच्यापाशी आहे.

दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडं आहे. आत गिरणीच्या साचेखात्यात काम करणारा पंचविशीतला गडी भिंतीला टेकून बसलाय. आडवं झालं की त्याला श्वास पुरत नाही. शेजारी त्याची आई आहे.

"ताप उतरला होता रे बाबा," ती तुम्हाला सांगते. "पेज प्याला, दारात जाऊन उभा राह्यला. म्हटलं, देवानं परत दिला. दोन दिस बरा होता. काल राती हिव भरलं, ते भरलंच."

वाटीतला बेडका गंजाच्या रंगाचा आहे. ओठांवर निळसर झाक आहे. आईने सांगितलेला क्रम नीट ऐका, कारण सगळं कोडं त्यातच आहे: ताप, उतार, दोन बरे दिवस, मग पुन्हा हुडहुडी. आजार सुरू झाल्यापासून आठवडा-दीड आठवड्यात माणूस जातो, विषाणूचा जोर ओसरू लागल्यावर. १९१८मध्ये जगभरच्या डॉक्टरांनी हा क्रम पाहिला, पण तो असाच का घडतो हे तेव्हा उलगडलं नाही. तुम्ही नव्वद वर्षं पुढे डोकावलात, तर अमेरिकेत डेव्हिड मोरेन्स, जेफ्री टॉबेनबर्गर आणि अँथनी फाउची त्याच साथीतल्या ५८ शवविच्छेदनांमधले जपून ठेवलेले फुप्फुसाचे तुकडे पुन्हा तपासताना दिसतील. त्या काळी छापल्या गेलेल्या ८,३९८ शवविच्छेदनांच्या नोंदीही ते चाळतात. त्यांचा २००८चा निष्कर्ष असा की, बहुसंख्य मृत्यू जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले असावेत. न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस. हे काही परके नाहीत. धडधाकट माणसाच्या नाकाघशातही ते नांदत असतात. मग नेमके याच आठवड्यात ते छातीत उतरले आणि टिकले कसे?

उत्तर बाहेरून दिसणार नाही. गड्याच्या पुढच्या श्वासाबरोबर आत जा.

श्वासनलिका मागे पडते, फाटे फुटतात, पुन्हा फुटतात, आणि तुम्ही एका वायुकोशात येता. भिंत इतकी पातळ की पलीकडे रक्त वाहताना दिसतं. या भिंतीवर सरपटणारी एक मोठी पेशी आहे, मॅक्रोफेज. हवेबरोबर आलेला कण, धूळ, जिवाणू गिळणं हे तिचं रोजचं काम. तिच्या अंगावर मार्को नावाचा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो. न्यूमोकोकस आला की तो या ग्राहकाला चिकटतो आणि पेशी त्याला आत ओढून घेते. यासाठी ना ताप लागतो, ना अँटिबॉडी. निरोगी माणसाच्या छातीत हे मुकाट्याने होत असतं.

आता काळ आठवडाभर मागे न्या. विषाणू भिंतीतल्या पेशींत शिरलाय. ज्या पेशी पकडल्या गेल्या त्यांनी मरण्यापूर्वी एका प्रकारचं प्रथिन बाहेर सोडलंय: अल्फा आणि बीटा इंटरफेरॉन. ते शेजारच्या पेशींवरच्या ग्राहकावर बसतं, आत एकामागून एक प्रथिनं जागी होतात, निरोप केंद्रकापर्यंत पोचतो आणि शेकडो जीन चालू होतात. शेजारच्या पेशी विषाणूला आपली यंत्रणा वापरू देत नाहीत. काही दिवसांनी टी-पेशी येतात, त्या दुसऱ्या प्रकारचं, गॅमा इंटरफेरॉन ओततात. विषाणू हटतो. बाहेर आई पेज भरवते आहे.

आणि इथेच दगा होतो. पहिल्या इंटरफेरॉनने एक आणखी काम केलंय: न्यूट्रोफिल या लढाऊ पेशींना रक्तातून बोलावणारी रसायनं त्याने कमी केलीत. दुसऱ्याने, गॅमाने, मॅक्रोफेजच्या अंगावरचे मार्को ग्राहक उतरवलेत. घशातून न्यूमोकोकस खाली येतो. तुमच्या डोळ्यांसमोर तो मॅक्रोफेजला घासून जातो आणि ती त्याला धरत नाही. आग लागल्याची हाक ऐकून सगळी चाळ बादल्या घेऊन पुढच्या दाराकडे धावावी आणि मागचं दार सताड उघडं राहावं, तसं हे झालंय.

या गड्याच्या छातीत कुणी असं डोकावलं नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं. तुम्ही जे पाहिलंत ते उंदरांवरून कळलंय. मार्कोची गोष्ट कीर सन आणि डेनिस मेट्झगर यांनी २००८मध्ये दाखवली: फ्लूमधून बऱ्या होत असलेल्या उंदरांत गॅमा इंटरफेरॉन निष्प्रभ केलं, तर न्यूमोकोकस पुन्हा साफ होऊ लागला. न्यूट्रोफिलांची गोष्ट पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी मांडली: ज्या उंदरांना अल्फा-बीटाचा निरोप ऐकूच येत नाही, ते फ्लूनंतरच्या न्यूमोनियातून अधिक वाचतात. माणसाच्या फुप्फुसात नेमकं किती टक्के असंच घडतं ते वेगळं, पण आईने सांगितलेल्या त्या क्रमाला इतकं जुळणारं दुसरं स्पष्टीकरण मला माहीत नाही.

चाळीतून निघताना मागे वळू नका. पुढचा मुक्काम लंडनच्या उत्तरेला आहे.

मिल हिल, १९५६-५७चा हिवाळा. टेकडीवर तांब्याच्या हिरव्या छपराची अवाढव्य इमारत, राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था. याच संस्थेच्या विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९३३मध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू फेरेट या प्राण्यात वाढवून वेगळा केला होता. आता तिथे अ‍ॅलिक आयझॅक्स आहेत, ग्लासगोचे, आणि झुरिकहून आलेले तरुण ज्याँ लिंडेनमान. प्रयोगशाळेत उबवलेल्या अंड्यांचा वास आहे. तुम्ही टेबलाशी उभे राहा आणि हात बघा. लिंडेनमान अंडं फोडून पिल्लाभोवतालचं पातळ आवरण काढतात, त्याचे तुकडे करतात, क्षारांच्या द्रावणात सोडतात. त्यावर उष्णतेने मारलेला फ्लूचा विषाणू. मेलेला विषाणू वाढू शकत नाही, पण ज्या पेशींना तो लागला त्यांत नंतर जिवंत विषाणूही वाढत नाही, हे आधीपासून माहीत होतं. ही अडवणूक करतं कोण, हा प्रश्न होता. विषाणू स्वतः दार अडवून बसतो, असं बहुतेकांना वाटे.

तुकडे बाजूला केले जातात. उरतं ते फक्त पाणी. ते पाणी नव्या, कोऱ्या तुकड्यांवर घातलं जातं, आणि मग जिवंत विषाणू. तो वाढत नाही. म्हणजे अडवणारं काहीतरी पेशींनीच बनवून पाण्यात सोडलंय.

तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटेल की हे नेमकं काय आहे. थांबा. त्यांना अजून नावही सुचलेलं नाही. १९५७मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते इंटरफेरॉन या नावाने छापलं जाईल. तीन वर्षं आधी टोकियोत यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी सशाच्या कातडीत असाच विषाणूरोधक घटक पाहिला होता. त्यांच्याकडे जगाचं लक्ष फार उशिरा गेलं, आणि हे मला आजही बोचतं. आयझॅक्स १९६७मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीत गेले. इंटरफेरॉन शुद्ध स्वरूपात बाटलीत आलेलं त्यांनी पाहिलं नाही. या खोलीत जिवाणूंचा विषयही नाही. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूविरुद्धचं हत्यार, ही समजूत इथेच रुजली आणि पुढे कित्येक वर्षं टिकली.

जिवाणूंची बाजू दुसऱ्याच गोलार्धात उलगडत होती. कॅनबेरा, १९६२. जॉर्ज मॅकनेस उंदरांना लिस्टेरिया टोचतात. हा जिवाणू पेशीच्या आत राहतो, म्हणून रक्तातल्या अँटिबॉडी त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. वाचलेल्या उंदराचा रक्तरस दुसऱ्या उंदराला दिला तर त्याला संरक्षण मिळत नाही. पण वाचलेल्या उंदराच्या मॅक्रोफेज बदललेल्या असतात: त्या जिवाणू नुसते गिळत नाहीत, मारतात. पुढच्या काही वर्षांत मॅकनेस यांनी दाखवलं की, ही ताकद त्यांना लिम्फोसाइट पेशींकडून मिळते. त्या काय देतात? बरीच वर्षं त्याला नुसतं घटक म्हटलं गेलं. १९८३मध्ये तुम्ही न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कार्ल नेथन यांच्या बाकाशी उभे असता, तेव्हा उत्तर मिळतं. माणसाच्या मॅक्रोफेजना चेतवणाऱ्या द्रवात गॅमा इंटरफेरॉनविरुद्धची अँटिबॉडी घातली की द्रव निकामी होतो. जिवाणूंकरवी बनवून घेतलेलं शुद्ध गॅमा घातलं की पेशी पुन्हा हायड्रोजन पेरॉक्साइड ओकू लागतात. विषाणूंसाठी सापडलेल्या कुळातलाच एक जण जिवाणूंविरुद्धचा सरदार निघाला.

१९९३मध्ये हे उंदरांत पक्कं झालं. गॅमाचा जीन काढलेल्या उंदरांना क्षयाचे जंतू दिले, तर ते झपाट्याने मेले. पण उंदीर वेगळा, माणूस वेगळा. माणसाचा पुरावा १९९६च्या डिसेंबरात आला, आणि तो पाहायला मन घट्ट करावं लागतं.

माल्टामधलं एक गाव. तिथली, एकमेकांच्या नात्यातली काही मुलं अशा जंतूंनी आजारी पडत होती जे मातीत, पाण्यात सगळीकडे असतात आणि कुणाला काही करत नाहीत. क्षयाच्या जंतूचे हे दूरचे भाऊबंद. आणि ट्युनिशियातल्या कुटुंबातलं एक तान्हं बाळ. त्याला बीसीजीची लस दिली होती. तुमच्या डाव्या दंडावर जो वाटोळा व्रण आहे ना, तीच लस. भारतात ती जन्मताच देतात. लसीतला दुबळा जंतू त्या बाळाच्या सबंध अंगात पसरला आणि बाळ गेलं. लंडनमध्ये मायकेल लेव्हिन यांच्या गटाने आणि पॅरिसमध्ये ज्याँ-लोराँ कॅझानोव्हा यांच्या गटाने स्वतंत्रपणे शोधलं, तर दोष एकाच जागी: गॅमा इंटरफेरॉन झेलणारा ग्राहक. निरोप निघत होता, पेशीला तो मिळत नव्हता. लक्षात घ्या, अशी मुलं बहुतेक विषाणूंना आणि बऱ्याचशा जिवाणूंना तोंड देतात. त्यांचा घात करतात ते मुख्यतः क्षयाच्या कुळातले जंतू, आणि साल्मोनेला. तुमच्या-माझ्या दंडावर नुसता व्रणच उमटला, याचं मोठं श्रेय या एका ग्राहकाला आहे.

इथवर कथा सरळ वाटते. अल्फा-बीटा विषाणूंसाठी, गॅमा जिवाणूंसाठी. २००४चा ऑगस्ट ती मोडून टाकतो. तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळा, बर्कलीत डॅनियल पोर्टनॉय, सेंट लुईमध्ये एमिल उनानुए, लॉस एंजेलिसमध्ये गेनहाँग चेंग, एकाच नियतकालिकात एकच गोष्ट सांगतात: अल्फा-बीटाचा ग्राहक काढून टाकलेले उंदीर लिस्टेरियाला जास्त चांगलं तोंड देतात. प्लीहेत डोकावलात तर कारण दिसेल. नेहमीच्या उंदरात लिम्फोसाइट पेशी मोठ्या संख्येने मरून पडल्यात. ग्राहक नसलेल्या उंदरात त्या शाबूत आहेत. २०१०मध्ये पोर्टनॉय यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं की, लिस्टेरिया पेशीच्या आत एक छोटा रेणू, सायक्लिक-डाय-एएमपी, बाहेर टाकतो आणि त्याच्यामुळे पेशी अल्फा-बीटाचा निरोप सोडते. विषाणू नसताना विषाणूची हाक उठते, आणि ती लिस्टेरियाच्या पथ्यावर पडते. त्याच वर्षी हेही पुढे आलं की, त्या निरोपाने मॅक्रोफेजवरचे गॅमाचे ग्राहक घटतात. मॅकनेस यांना दिसलेली ती ताकदच आटते.

मग अल्फा-बीटा जिवाणूंच्या बाबतीत नेहमी घातक? तसंही नाही, आणि हा भाग घाईने वाचू नका. नवजात बाळांना मारणारा ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस किंवा न्यूमोकोकस एकटा आला, आधी फ्लू नसला, तर तोच निरोप उंदरांना वाचवतो, असं २००७मध्ये इटलीतल्या संशोधकांना दिसलं. तोच न्यूमोकोकस, तेच इंटरफेरॉन. फरक फक्त आधीचा आठवडा कसा गेला याचा. परळच्या खोलीत त्या आईपाशी नेमकी तीच माहिती होती. मला या सगळ्या प्रवासात एक गोष्ट पटत गेली: इंटरफेरॉनला मित्र किंवा शत्रू ठरवणारा प्रश्नच चुकीचा आहे. कुठला जंतू, कुठल्या पेशीत, कितव्या दिवशी, हे विचारल्याशिवाय त्याच्याविषयी काहीही बोलता येत नाही.

आता आपल्या घरचा रोग. जगातल्या साधारण दर चार क्षयरुग्णांतला एक भारतात आहे, म्हणून पुढचा मुक्काम आपल्यासाठी परका नाही. २०१०, पुन्हा मिल हिल. तीच टेकडी, तेच छप्पर, आत संगणकाचा पडदा. अ‍ॅन ओ'गारा आणि त्यांचे सहकारी लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांचं रक्त तपासतात. काहींना क्षय झालाय, काहींच्या अंगात तो सुप्त आहे, काही निरोगी आहेत. पडद्यावर प्रत्येक उभी रेघ एक माणूस, प्रत्येक आडवी रेघ एक जीन. वाढलेला जीन लाल. क्षयाच्या रुग्णांत ३९३ जीन-निरोपांचा एक ठसा उमटतो, आणि त्यात उठून दिसतात ते इंटरफेरॉनने चालू होणारे जीन. गॅमाचे तर आहेतच, पण अल्फा-बीटाचेही, आणि मुख्यतः न्यूट्रोफिल पेशींत. छातीचा एक्स-रे जितका खराब, तितका ठसा ठळक. उपचार सुरू केल्यावर दोन महिन्यांत तो फिकटतो, वर्षभरात पुसला जातो. ज्या इमारतीत इंटरफेरॉन विषाणूविरुद्धचं हत्यार म्हणून सापडलं, तिथेच अर्ध्या शतकाने ते क्षयाच्या बिघाडाची खूण म्हणून दिसलं.

ही खूण इग्रा चाचणीपेक्षा वेगळी आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तुमच्या रक्ताला क्षयाच्या जंतूची प्रथिनं दाखवतात आणि टी-पेशी किती गॅमा सोडतात ते मोजतात, ती इग्रा. ती जंतूशी ओळख झाली होती का ते सांगते. रोग आज पेटलाय की निजलाय, हे तिला सांगता येत नाही. या ठशाकडून अपेक्षा नेमकी तीच होती. दक्षिण आफ्रिकेत १२ ते १८ वर्षांच्या मुलांचं रक्त जपून ठेवून नंतर कोणाला क्षय झाला ते पाहिलं गेलं, आणि २०१६मध्ये १६ जीनांचा एक छोटा ठसा हाती आला. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, तरी वर्षभर आधी रक्त सांगू लागलं होतं.

मग साहजिकच पुढचं पाऊल: ठसा दिसला की औषध द्यायचं. तुम्ही त्या चाचणीतले एक स्वयंसेवक आहात असं समजा. रक्त दिलंत, ठसा आढळला, आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रा घेतल्यात, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. २०२१मध्ये निकाल आला. ठसा असलेल्यांना क्षयाचा धोका खरोखर जास्त होता. पण औषध घेतलेल्यांत क्षयाचं प्रमाण घटलं नाही. काहींमध्ये ठसा उमटेपर्यंत रोग इतका पुढे गेलेला असावा की, प्रतिबंधाच्या औषधाने तो अडत नव्हता. आणि दुसरी अडचण अशी की, साध्या सर्दीपडशानेही हाच ठसा उमटतो. उमटणारच. अल्फा-बीटाची ती हाक मुळात विषाणूसाठीच आहे. रक्ताच्या थेंबात नाकातला विषाणू आणि छातीतला क्षय यांची हाक सारखीच ऐकू येते.

या दुसऱ्या अडचणीसाठी २०१८मध्येच ओ'गारा यांच्या गटाने, आता लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतून, वेगळ्या वाटेने शोध घेतला. जे जीन फ्लूमध्येही वाढतात ते वगळायचे, आणि क्षयात वाढणारे पण विषाणूंच्या आजारात न वाढणारे तेवढे ठेवायचे. त्यांच्या यादीत २० जीन उरले.